सल्ला मागितलाच नव्हता

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीत काम करणाऱ्या ४६ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. पंधरा वर्षं त्यांनी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहिल्या, मग टॅली शिकल्या. दोन वर्षांपूर्वी पेढीने निर्यात सुरू केली आणि परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार त्यांच्या टेबलावर आला. गेल्या महिन्यात दुबईच्या खरेदीदाराचा मेल आला, ‘प्लीज अ‍ॅडव्हाइझ ऑन द शिपमेंट’. शब्दकोशात ‘अ‍ॅडव्हाइझ’समोर ‘सल्ला देणे’ होतं. म्हणून त्यांनी हळद ओलीपासून कशी जपावी, हळकुंड वाळलंय की नाही ते कसं ओळखावं, हरिपूरला पूर्वी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, हळद कशी ठेवायचे, असं दीड पान लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘थँक यू, बट व्हेन विल इट शिप?’ शेठच्या पुतण्याने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. त्याआधी थकलेल्या पैशांसाठी त्यांनी एका गिऱ्हाइकाला ‘वुई अ‍ॅडव्हाइझ यू टु पे सून’ असं लिहिलं होतं, तेव्हा ते गिऱ्हाईक दुखावलं. आणि ‘पेमेंट अ‍ॅडव्हाइसेस अटॅच्ड’ असं लिहिल्यावर ‘अ‍ॅडव्हाइसला एस लागत नाही, आठवीतल्या पोराला कळतं’ हेही ऐकावं लागलं. त्या विचारतात: इंग्रजीचं काम सोडून पुन्हा पट्टीच्या टेबलावर जाऊ का? या वयात क्लास लावू का? आणि त्या दुबईवाल्याची माफी मागायची का?

ताई,

तुम्ही पत्रात तीन चुका मोजल्या आहेत. माझ्या मोजणीत त्या दीडच भरतात. तेव्हा आधी हा हिशेब मिटवू, मग पट्टीच्या टेबलाचं बघू.

‘अ‍ॅडव्हाइसेस’ ही चूकच नाही. शाळेत शिकवतात की ‘अ‍ॅडव्हाइस’ मोजता येत नाही, त्याला अनेकवचन नाही. मीही तीस वर्षं हेच शिकवलं. आपण मराठीत ‘दोन माहित्या दिल्या’ म्हणत नाही, ‘दोन गोष्टींची माहिती दिली’ म्हणतो, तसंच ते. एकच सल्ला सांगायचा तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ म्हणायचं. नियम बरोबर आहे, पण तो सल्ला या अर्थापुरता. व्यापारात ‘अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे कागद. पैसे जमा झाले, पैसे वळते केले, माल निघाला, असं कळवणारा कागद. आणि कागद मोजता येतो. चार बिलांच्या चार चिठ्ठ्या आल्या तर त्या चार ‘पेमेंट अ‍ॅडव्हाइसेस’च. तुम्ही लिहिलंत ते बिनचूक होतं. आठवीच्या पोराचा दाखला देणाऱ्यांना अर्धा नियम माहीत होता, उरलेला अर्धा तुम्हाला हाताच्या सवयीने येत होता.

आता एक करा. पेढीतली बँकेची फाईल काढा आणि ‘क्रेडिट अ‍ॅडव्हाइस’ असं वर छापलेला कुठलाही कागद समोर ठेवा. त्यात बँक तुम्हाला कसला सल्ला देते? कसलाच नाही. अमुक तारखेला अमुक रक्कम खात्यात जमा झाली, एवढं कळवते. पंधरा वर्षं तुम्ही शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी दिलीत, इतकी पोती, इतकं वजन, हा दर, हमाली-तोलाई वजा जाता इतके रुपये, ती आपल्या यार्डातली ‘अ‍ॅडव्हाइस’च आहे. निर्यातीत तर तुमचा रोज ‘अ‍ॅडव्हायझिंग बँके’शी संबंध येतो. खरेदीदाराच्या बँकेने एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिली की पैसे देण्याची लेखी हमी) उघडली की आपल्याकडची जी बँक ती आल्याचं आपल्याला कळवते, ती अ‍ॅडव्हायझिंग बँक. एलसी वरकरणी खरी दिसते की नाही एवढं ती तपासते. पैसे देण्याची हमी ती घेत नाही, आणि सौदा करा की करू नका हेही सांगत नाही. जगभर ज्या नियमांनी एलसी चालते त्या २००७ पासूनच्या ‘यूसीपी ६००’मध्येही या बँकेचं काम हेच आहे. म्हणजे ‘अ‍ॅडव्हाइझ’चा ‘कळवणे’ हा अर्थ तुमच्या टेबलावर दोन वर्षं पडून होता. तो आणि शब्दकोशातला ‘सल्ला देणे’ एकाच शब्दाचे आहेत, एवढं कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

यात दोष शब्दकोशाच्या पहिल्या ओळीचा आहे असं मला मनापासून वाटतं. ‘अ‍ॅडव्हाइझ’समोर ‘सल्ला देणे’ लिहिण्याआधी ‘सांगणे’ लिहायला हवं होतं. आपलं सांगणं किती कामं करतं बघा. शेजारणीने सांगितलं, उद्या पाणी येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गोड कमी करा. शेठनी सांगितलं, गाडी भरा. पहिली बातमी, दुसरा सल्ला, तिसरा हुकूम, आणि क्रियापद एकच. मराठीत हे ओळखताना आपण क्षणभरही अडखळत नाही, कारण कोण कुणाला सांगतंय ते आपल्याला माहीत असतं. शिवाय वाक्याची ठेवणही खूण देते. ‘शेठनी सांगितलं की माल निघाला’ यात ‘की’ आला, म्हणजे ते कळवणं. ‘शेठनी माल काढायला सांगितला’ यात ‘काढायला’ आलं, म्हणजे करायची गोष्ट.

इंग्रजीची खूण अगदी तशीच आहे. ‘अ‍ॅडव्हाइझ’च्या पुढे ‘दॅट’ किंवा ‘ऑफ’ आला की ते कळवणं: ‘वुई अ‍ॅडव्हाइझ यू दॅट द कंटेनर हॅज लेफ्ट’, कंटेनर निघाला हे कळवतो. पुढे ‘टु’ आला की करायची गोष्ट: ‘वुई अ‍ॅडव्हाइझ यू टु इन्शुअर द कार्गो’, मालाचा विमा उतरवा. आणि ‘प्लीज अ‍ॅडव्हाइझ’वर वाक्य संपलं, किंवा पुढे नुसता ‘ऑन’ किंवा ‘रिगार्डिंग’ आला, तर धंद्याच्या पत्रात जवळजवळ नेहमीच त्याचा अर्थ ‘कळवा’. आपल्या जुन्या पत्रांत शेवटी असायचं ना, ‘उलट टपाली कळवावे ही विनंती’? तेच ते.

थोडं शब्दाच्या घराण्याबद्दल, कारण मला ते आवडतं आणि तुमच्या दीड पानाशी त्याचा संबंध आहे. ‘अ‍ॅडव्हाइस’ इंग्रजीत फ्रेंचमधून आला. मुळाशी लॅटिनमधलं ‘पाहणे’ हे क्रियापद आहे, आणि ‘मला जसं दिसतं तसं’ हा त्याचा जुना भाव. संस्कृतातला ‘विद्’ धातू, आपले वेद आणि विद्या, त्याच कुळातले. ‘सल्ला’ आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. तिथे त्याच्या मुळाशी हित आहे, भलं आहे. ‘मसलत’ही त्याच धातूची. त्यामुळे सल्ला मागितला असं वाटलं की आपण समोरच्याच्या भल्याचं लिहायला बसतो. तुम्ही तेच केलंत. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाची हळद खराब होऊ नये म्हणून संध्याकाळी थांबून दीड पान लिहिलंत. त्यात मला हसण्यासारखं काही सापडलं नाही.

आता उरलेली खरी चूक. ‘वुई अ‍ॅडव्हाइझ यू टु पे सून.’ व्याकरण शुद्ध आहे, तरी गिऱ्हाईक दुखावलं, आणि ते साहजिक होतं. ‘टु’ आला म्हणजे करायची गोष्ट, आणि पैसे थकलेल्या माणसाला ‘अ‍ॅडव्हाइझ यू टु पे’ म्हणायचं म्हणजे वकिलाच्या नोटिशीचा सूर. तुम्हाला करायची होती विनंती, आणि वाक्यातून गेली ताकीद.

या ‘ताकीद’ शब्दाशी माझी एक आठवण बांधलेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी हायस्कूलवर असताना एका विद्यार्थ्याचे वडील बँकेचं पत्र घेऊन घरी आले. घामाने मऊ पडलेला, चार घड्या घातलेला कागद. त्यात लिहिलं होतं, ‘यू आर हिअरबाय अ‍ॅडव्हाइझ्ड टु क्लिअर द ओव्हरड्यू अमाउंट’, आणि पुढे पंधरा दिवसांची मुदत. मी वाचून सांगितलं, बँकेने पंधरा दिवसांत थकबाकी भरायचा सल्ला दिलाय. ते म्हणाले, ‘सल्ला व्हय? मग उसाचं बिल आलं की बघतो की.’ चहा घेतला आणि गेले. दोन महिन्यांनी परत आले तेव्हा हातात जप्तीची नोटीस होती, वर दंडव्याज. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. ‘बाई, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा,’ इतकंच. इंग्रजीची पदवी माझ्याकडे होती. शब्द मी चुकवला आणि किंमत त्यांनी मोजली. सरकारी आणि बँकेच्या इंग्रजीत ‘यू आर अ‍ॅडव्हाइझ्ड टु’ म्हणजे ‘करा’, आणि मुदत दिली असेल तर ‘कराच’. ज्यांच्या घरी वीज कंपनीची, भविष्य निर्वाह निधीची किंवा सोसायटीची अशी पत्रं येतात त्यांनी ती सल्ला म्हणून बाजूला ठेवू नयेत, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगते.

हा शब्द किती वर चढू शकतो ते बघायचं तर राज्यघटनेचं ७४वं कलम वाचा. राष्ट्रपतींना ‘सहाय्य व सल्ला’ देण्यासाठी मंत्रिपरिषद असेल, असं ते सांगतं. इंग्रजी मजकुरात तिथे ‘अ‍ॅडव्हाइझ’च आहे. पण १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने लिहूनच टाकलं की राष्ट्रपतींनी त्या सल्ल्यानुसार वागायचं. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने एवढीच सोय ठेवली की राष्ट्रपती एकदा फेरविचाराला सांगू शकतात, पण फेरविचारानंतर आलेला सल्ला पाळायचाच. सल्ला हाच शब्द, आणि तो बंधनकारक! तेव्हा शब्दकोश उघडण्याआधी वाक्य कोण कुणाला म्हणतंय ते पाहायचं. वडील-धाकटं, देणेकरी-घेणेकरी, डॉक्टर-पेशंट, ज्याचं त्याचं नातं लक्षात घेतलं की अर्थ बराचसा आपोआप लागतो.

पैशांच्या आठवणीसाठी ‘अ‍ॅडव्हाइझ’ला हातच लावू नका. लिहा: ‘वुई हॅव नॉट यट रिसीव्ह्ड द पेमेंट फॉर धिस इनव्हॉइस. प्लीज लेट अस नो व्हेन वुई कॅन एक्स्पेक्ट इट.’ पैसे आले नाहीत हे सांगितलं, कधी येतील ते विचारलं. एवढ्यात काम होतं आणि कुणाचा मान दुखावत नाही. खरंच काही सुचवायचं असेल तर ‘सजेस्ट’ हलका, ‘रेकमेंड’ त्याहून थोडा वजनदार, ‘अ‍ॅडव्हाइझ’ सगळ्यांत जड. तो डॉक्टर, वकील, ऑडिटर यांच्या तोंडी शोभतो. फक्त आपल्याकडे सर्रास लिहितात तसं ‘सजेस्ट यू टु’ लिहू नका. ‘वुई सजेस्ट दॅट यू कीप इट ड्राय’ किंवा ‘वुई सजेस्ट कीपिंग इट ड्राय’, असं.

आता तुमच्या मनात पक्कं बसलेलं एक गृहीत मला हलवून बघायचं आहे. तुम्ही लिहिता, ‘मला इंग्रजी येत नाही म्हणून हसं झालं.’ समजा तो मेल मराठीत आला असता: ‘मालाबद्दल सांगा.’ तुम्ही काय केलं असतं? लगेच फोन उचलून विचारलं असतं, काय सांगू, तारीख की प्रत? कारण वाक्यच मोघम आहे. शिपमेंटबद्दल नेमकं काय हवंय हे त्या खरेदीदारानेही लिहिलं नव्हतं. मराठीत तुम्ही बेधडक उलट विचारता, आणि इंग्रजीत विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल या भीतीने गप्प बसता. अडचण या गप्प बसण्याची आहे. ‘डू यू नीड द शिपमेंट डेट, ऑर समथिंग एल्स?’ हे वाक्य टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा. उलट विचारणाऱ्याला धंद्यात कुणी अडाणी म्हणत नाही, हे तुम्ही सौद्यात रोज पाहता.

मग पट्टीच्या टेबलावर जायचं का? तुम्हाला ते काम जास्त आवडत असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे की पहिल्या कंटेनरची कागदपत्रं एकही दुरुस्ती न निघता सुटली त्या दिवशी तुम्ही घरी जाताना पेढे नेलेत. ज्याला काम नकोसं झालंय तो असं लिहीत नाही. शरमेपोटी टेबल बदललंत तर ते मला पटणार नाही.

क्लासचं म्हणाल, तर स्पोकन इंग्लिशच्या क्लासात ‘प्लीज अ‍ॅडव्हाइझ’ शिकवतील असं मला वाटत नाही. तिथे बोलण्याची भीड मोडते, तेवढ्यासाठी हवा तर लावा. तुमचं पाठ्यपुस्तक तुमच्याच इनबॉक्समध्ये आहे. शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर आलेल्या मेलमधलं वाक्य उतरवा, उजव्या पानावर शब्दार्थ न लिहिता ‘याला काय हवंय’ ते मराठीत लिहा. ‘काइंडली अ‍ॅडव्हाइझ द ईटीए’: जहाज कधी पोचेल ते कळवा. ‘प्लीज बी अ‍ॅडव्हाइझ्ड दॅट द ऑफिस विल बी क्लोज्ड’: ऑफिस बंद राहील, नोंद घ्यावी. ‘अ‍ॅज अ‍ॅडव्हाइझ्ड अर्लिअर’: आधी कळवल्याप्रमाणे. ‘अंटिल फर्दर अ‍ॅडव्हाइस’: पुढची सूचना येईपर्यंत. रोज दोन वाक्यं केलीत तरी वर्षाच्या आत तुमच्या धंद्याचं इंग्रजी बहुतेक त्या वहीत आलेलं असेल, आणि ते कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा तुमच्या उपयोगाचं असेल. तुमच्यासारख्याच इतर पेढ्यांत, द्राक्ष-बेदाण्याच्या निर्यातीत, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसणाऱ्या सगळ्यांना मी हीच वही सुचवीन.

फोनवरच्या एआयकडून मसुदा करून घ्यायला हरकत नाही, मुली आता करतातच. पण आधी त्याला मराठीत विचारा, ‘या मेलमध्ये माझ्याकडून काय हवंय?’ ते तुमच्याशी ताडून बघा, मगच उत्तर लिहायला सांगा. नाहीतर हळदीच्या साठवणीवर तोही दीड पान लिहून देईल, आणि ते इतकं सफाईदार असेल की चूक लक्षातच येणार नाही.

धाकट्या शेठशी, म्हणजे शेठच्या त्या पुतण्याशी, बोलायलाच हवं. सौदे संपून दुपारी जरा शांत झालं की त्यांना एकट्याला गाठा. रडवेलं होऊन नको आणि रागानेही नको. ‘माझं चुकलं तर जरूर सांगत जा, पण माझ्या टेबलापाशी येऊन सांगा, सगळ्यांसमोर नको,’ एवढं बोला. ते तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असले तरी मालकाच्या घरचे आहेत, तेव्हा हे बोलणं सोपं नाही, मला कळतं. पण पेढीतली पोरं-हमाल तुम्हाला इतकी वर्षं ज्या मानाने हाक मारतात तो मान सांभाळायचा तर हे एक वाक्य तुम्हालाच उच्चारावं लागेल. ‘अ‍ॅडव्हाइसेस’चा विषय मात्र त्याच बैठकीत काढू नका. बँकेचा तो ‘क्रेडिट अ‍ॅडव्हाइस’चा कागद दुसऱ्या एखाद्या दिवशी सहज त्यांच्यापुढे ठेवा, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

दुबईवाल्याची माफी नको. तारीख त्याला मिळाली, विषय संपला. वरून खुलासा पाठवलात तर त्याला तो काय आहे हे समजायला आणखी एक मेल वाचावा लागेल.

राहिलं ते दीड पान. तुम्ही ते मला पत्रासोबत पाठवलंत, बरं झालं. ‘हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला पाहिजे, लवलं तर अजून ओल आहे’ हे वाक्य तुम्ही साध्या इंग्रजीत किती नेमकं लिहिलं आहे! परदेशातल्या गोदामात पहिल्यांदा सांगलीची हळद उतरवून घेणाऱ्याला हे कोण सांगणार? पेवांचा भाग काढून टाका, त्याला त्याचा उपयोग नाही, जरी मला तो सगळ्यांत जास्त आवडला. उरलेलं एका पानात बसवा, शेठना दाखवा, आणि पुढच्या कंटेनरच्या कागदांत वेगळं पान म्हणून घाला. वर मथळा द्या, ‘स्टोरेज अ‍ॅडव्हाइस’. नाम आहे, म्हणून स्पेलिंगमध्ये सी आणि उच्चारात शेवटी बर्फाच्या ‘आइस’सारखा स, क्रियापद असतं तर एस आणि झ. आणि इथे अनेकवचनाचा एस लावू नका, कारण या पानावर खरोखरच सल्ला आहे.